कुमकेवर उभें राहिलेलें राज्य

यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या सडकेवर कळंब हें गांव लागतें. चक्रावती नदीच्या कांठीं, भोंवतालच्या जमिनीपेक्षां बऱ्याच खोल पातळीवर तेथें चिंतामणीचें देऊळ आहे. त्याच्या दर्शनास दूरदूरचे लोक येतात, पायऱ्या उतरून देवापुढें माथा टेकतात आणि परततात. अकबराच्या काळीं वऱ्हाड सुभ्याचीं जीं सरकारें होतीं त्यांपैकीं एक या कळंबाच्या नांवानें ओळखलें जाई, ही गोष्ट त्यांतल्या थोड्यांच्याच ध्यानीं असते.

कळंब नांवाचें आणखी एक गांव महाराष्ट्रांत आहे. तें धाराशिव जिल्ह्यांत, मांजरा नदीच्या कांठीं. दोन्हीं गांवें मराठी बोलणारीं. दोन्हींकडे कुणबी शेतांत राबणारा आणि वाणी तागडीपाशीं बसलेला. इ. स. १८०४ पासून १९४८ पर्यंत या दोन्हीं गांवांचा धनी, निदान तहनाम्याच्या कागदावर, एकच होता : हैदराबादचा निजाम. असें असून पहिल्या कळंबाच्या मुलखांतील कांहीं खातेदार १९२० सालीं कायदे कौन्सिलाचे मतदार झाले, आणि दुसऱ्या कळंबांतील शेतकऱ्याला पुढें एक पिढीभर मत म्हणजे काय चीज आहे हें ठाऊक नव्हतें. एका धन्याच्या दोन गांवांत एवढें अंतर कसें पडलें हें पाहूं गेल्यास एका मोठ्या प्रश्नाशीं गांठ पडते. दुबळ्या, डळमळीत राज्याला परक्याची कुमक मिळाली, मग ती फौजेची असो, पैशाची असो, शहाण्या अंमलदारांची असो कीं निवडणुकीच्या पेट्यांची असो, तर तें राज्य त्या कुमकेनें सावरतें काय? काबूलपासून खार्टूमपर्यंत हा प्रश्न आपल्या काळांत पुनःपुन्हां विचारला गेला आहे. वऱ्हाडांत तो दोनशें वर्षांपूर्वींच विचारला गेला होता, आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं जी किंमत मोजली गेली ती खुद्द वऱ्हाडच होती.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वऱ्हाडावर दोन धनी होते. नागपूरकर भोसले चौथ, सरदेशमुखी आणि फौजदारीचा खर्च मिळून वसुलाचा साठ टक्के हिस्सा घेत. उरलेला चाळीस टक्के निजामाकडे जाई. दोन धन्यांचे दोन कारकून एकाच खळ्यावर येऊन उभे राहत. ही दुअंमलाची पद्धति रयतेला सुखाची नव्हती हें सांगावयास नकोच. पण तींत एक गोष्ट होती. निजामाला भोसल्यांचें भय होतें आणि भोसल्यांना निजामाचें. एकाचा जुलूम असह्य झाला कीं पाटील-देशमुख दुसऱ्याकडे पाहूं लागत. कुळें उठून गेलीं तर दोघांचेंहि नुकसान होई. एवढा आडकाठीचा धागा, कितीहि बारीक असला तरी, तेथें होता.

निजाम अलीखानाला मराठ्यांच्या भयानें ग्रासलेलें होतें. १७९५ सालीं खर्ड्याच्या लढाईंत त्याची दाणादाण झाली. त्याच्या पदरीं रेमाँ नांवाच्या फ्रेंच सरदारानें कवायती पलटणी तयार केल्या होत्या. त्या मोडून टाकाव्यात आणि त्यांच्या जागीं इंग्रजांची तैनाती फौज ठेवावी असा तह १७९८ च्या सप्टेंबरांत झाला. फौजेच्या खर्चासाठीं निजामानें सालिना सुमारें २४ लक्ष रुपये द्यावे असें ठरलें. दोन वर्षांनीं, १८०० सालीं, ही रोकड द्यावी लागूं नये म्हणून टिपूच्या राज्यांतून मिळालेला मुलूखच निजामानें कंपनीला देऊन टाकला. बल्लारी, कडप्पा वगैरे प्रांत ते हेच. त्याच तहांत आणखी एक कलम होतें : लढाई जुंपली असतां निजामानें आपलीं ६,००० पायदळ आणि ९,००० स्वार इंग्रजांच्या मदतीस द्यावे. लढाई जुंपली असतां, हे शब्द ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत.

लढाई लवकरच जुंपली. १८०३ सालीं असईला शिंदे-भोसल्यांचा मोड झाला, नोव्हेंबरांत वऱ्हाडांतील अडगांव येथें भोसल्यांची फौज हरली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनीं देवगांवच्या तहानें भोसल्यांनीं वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडून दिला आणि कंपनीनें तो पुढच्या वर्षीं निजामाच्या पदरांत टाकला. कळंबाचे दोन धनी जाऊन एकच उरला. भोसल्यांचे जे कांहीं हक्क शिल्लक होते ते १८२२ च्या तहानें संपले. कागदावर पाहिलें तर निजामाचें राज्य या कुमकेनें वाढलें, शत्रु नाहींसा झाला, सरहद्द निर्धास्त झाली. याहून चांगली मदत कोणती?

पण लढाईंत निजामाचे स्वार कुचकामाचे ठरले अशी इंग्रज सेनापतींची तक्रार होती, आणि त्या तक्रारींतून पुढचें सर्व प्रकरण वाढलें. हेन्री रसेल हा १८११ पासून हैदराबादेंत रेसिडेंट होता. त्यानें निजामाच्या खर्चानें, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं, कवायती पलटणी उभारल्या. हीच पुढें ‘कंटिंजंट’ म्हणून प्रसिद्ध झालेली फौज. दरबारांत त्या वेळीं खरी सत्ता पेशकार राजा चंदुलालाच्या हातीं होती. नांवाचा दिवाण दुसराच होता, पण चंदुलालाच्या पाठीशीं रेसिडेंट होता, आणि रेसिडेंटाला हवी होती कंटिंजंट. या दोघांचें परस्परांशीं चांगलें जमलें. फौजेचा खर्च सालिना ४० लक्षांच्या घरांत गेला. तिच्यांतील पगार असे भारी कीं ‘बिचारा निझ्झी सर्वांचें बिल भरतो’ अशा अर्थाची थट्टा तिच्यांतलेच इंग्रज अंमलदार करीत.

ही फौज अगदींच निरुपयोगी होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. १८१९ च्या आरंभीं नौसाजी नाईकाचा नोव्हाचा किल्ला तिनेंच घेतला, आणि उमरखेड-हदगांवच्या बाजूच्या खेड्यांना लुटालुटीपासून मोकळें केलें. शांतता आली ही गोष्ट खरी. प्रश्न एवढाच, कीं ती शांतता कोणाच्या उपयोगी पडली.

ती मुख्यतः इजारदाराच्या उपयोगी पडली. खर्च भागविण्यासाठीं चंदुलाल तालुके लिलांवानें देई. जो अधिक बोली करील त्याला तालुका. आणि वर्ष संपण्यापूर्वीं त्याहून अधिक बोली करणारा भेटला तर पहिल्याला काढून दुसऱ्याला. आपण किती दिवस राहणार याचा भरंवसा नसलेला इजारदार रयतेला कशी वागवील याची कल्पना करण्यास फारशी बुद्धि लागत नाहीं. पूर्वीं असा जुलूम झाला असता तर देशमुख बंड करता, नाईक डोंगरांत जाता, फार झालें तर शेजारचा राजा चालून येता. आतां बंड मोडण्यास कंटिंजंट होती आणि शेजारचा राजा निःशस्त्र झालेला होता. सरकार आणि सावकार यांमधील अंतरहि उरलें नाहीं. पुरणमल सावकार, आणि त्याच्यामागून पेस्तनजी पारशी, यांच्या पेढ्यांकडे वऱ्हाडचा वसूल गहाण पडला. पेस्तनजीच्या पेढीनें वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या पेठेंत नेऊन विकण्याचा मोठा व्यापार केला, हें तिच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. तथापि कापूस मुंबईस गेला म्हणून गहाण पडलेला वसूल परत आला नाहीं.

हैदराबादेंतील विल्यम पामर आणि कंपनी या पेढीचा तमाशा तर याहून मोठा. देशी राजांना कोणाहि इंग्रज प्रजाजनानें परवानगीवांचून कर्ज देऊं नये असा पार्लमेंटाचा कायदा होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यानें १८१६ सालीं या पेढीला त्यांतून सूट दिली. पेढींतील एक भागीदार त्याच्या पालित कन्येचा पति होता. कंटिंजंटचा पगार पेढीनें द्यावा, त्याच्या व्याजाचा आंकडा वाढत जावा, आणि तें फेडण्यास निजामानें पेढीकडूनच पुन्हां कर्ज काढावें, असें चक्र सुरू झालें. व्याजाचा दर शेंकडा चोविसाच्या पुढें होता. शेवटीं कंपनी सरकारनेंच निजामाला पैसा देऊन पेढीचें देणें भागविलें, आणि त्या मोबदल्यांत उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला जी सालिना पेशकश देत होती तिचा हक्क कायमचा विकत घेतला. ती रक्कम होती सुमारें १ कोटि १६ लक्ष रुपये. मदत करणाऱ्याच्या फौजेचा पगार देण्यासाठीं मदत करणाऱ्याच्या मित्राकडून कर्ज, आणि तें फेडण्यासाठीं मदत करणाऱ्याकडूनच येणें असलेल्या रकमेवर पाणी! हिशेबाच्या वहींत याला जमेच्या बाजूस घालावें कीं खर्चाच्या?

हें सर्व चाललें असतां इंग्रजांतल्याच विचारी माणसांमध्यें जो वाद झाला, तो आज वाचतांनाहि जुना वाटत नाहीं. थॉमस मन्रो यानें १८१७ च्या ऑगस्टांत गव्हर्नर जनरलला एक पत्र लिहिलें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : हिंदुस्थानांत वाईट राजवटीवर दोनच उपाय आहेत; एक राजवाड्यांतली मुकाट उलथापालथ आणि दुसरा बंड किंवा परचक्र. तैनाती फौज हे दोन्हीं उपाय बंद करते. घरच्या आणि बाहेरच्या शत्रूंपासून निर्भय झालेला राजा आळशी होतो, मग लोभी होतो आणि शेवटीं क्रूर होतो. जेथें जेथें ही फौज गेली तेथें तेथें खेडीं ओस पडलीं आणि माणसें कमी झालीं. हा मन्रो कंपनीचाच निष्ठावंत नोकर होता आणि पुढें मद्रासचा गव्हर्नर झाला, म्हणून त्याच्या शब्दाला विशेष वजन आहे.

दुसरी बाजू चार्ल्स मेटकाफची. तो १८२० च्या अखेरीस रेसिडेंट होऊन आला आणि पामरच्या पेढीचें बिंग त्यानेंच फोडलें. त्यालाहि कुमकेचे दुष्परिणाम दिसत होते, पण त्याचा निष्कर्ष निराळा होता. ज्या दिवाणाला आम्हींच खुर्चीवर टिकवून धरलें आहे त्याच्या जुलुमाचे वांटेकरी आम्हींहि आहों. तेव्हां नुसती फौज देऊन बाजूस उभें राहतां येणार नाहीं, कारभारांतहि हात घातला पाहिजे, असें त्यानें धरलें. निजामाच्या जिल्ह्यांवर त्यानें इंग्रज देखरेखनीस नेमले. गांवोगांवीं पांच-पांच वर्षांचे कौल ठरवून दिले, ठरल्या साऱ्यापेक्षां एक पैहि जास्त घेण्यास इजारदाराला बंदी केली आणि रयतेची दाद थेट देखरेखनिसाकडे लागूं लागली. परिणाम चांगला झाला. उठून गेलेलीं कुळें परत आलीं, पडीत जमिनी लागवडीस आल्या. येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणीहि म्हणेल, कीं मेटकाफ बरोबर आणि मन्रो चूक.

पण १८२९ सालीं सिकंदरजाह मरण पावला आणि नासिरुद्दौला गादीवर आला. त्यानें पहिलीच मागणी केली ती ही, कीं माझ्या राज्यांतले हे इंग्रज देखरेखनीस काढून घ्या. लॉर्ड बेंटिंकनें ती मान्य केली. आपल्या घरांत आपणच धनी असावें ही राजाची इच्छा कोणत्या तोंडानें नाकारावयाची? देखरेखनीस गेले आणि त्यांच्यामागून कौलहि गेले. चंदुलाल होता तो होताच. लिलांव पुन्हां सुरू झाले. मेटकाफनें लावलेल्या रोपाला दहा वर्षांत मूळ धरलें नाहीं याचें कारण उघड आहे. कौलाचें संरक्षण करणारा माणूस बाहेरचा होता. इजारदारानें कौल मोडला तर त्याला जाब विचारील अशी एकहि संस्था, एकहि सभा, एकहि अदालत हैदराबादेच्या मातींत तयार झालेली नव्हती. आणि कंटिंजंट मात्र जागच्या जागीं होती! चांगलें करणारी मदत काढून घेतां आली. बिघडविणारी मदत काढून घेण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. या एका वाक्यांत हैदराबादची पुढली वीस वर्षें येतात.

या वीस वर्षांत पगार थकत गेला. निजामाकडून पैसा न आल्यास कंपनीनें आपल्या खजिन्यांतून फौजेला पगार द्यावा आणि तो व्याजासह निजामाच्या नांवीं मांडावा असा प्रघात पडला. १८५३ च्या सुमारास ही बाकी ४५ लक्षांच्या वर गेली. लॉर्ड डलहौसीला पैशाऐवजीं मुलूख हवा होता. शांततेच्या काळीं कंटिंजंट बाळगण्याचें बंधन १८०० च्या तहानें निजामावर नाहीं, हें डलहौसीनें स्वतःच कबूल केलें होतें. तरी बाकी ती बाकी. कर्नल लो हा रेसिडेंट तहाचा मसुदा घेऊन गेला तेव्हां नासिरुद्दौला त्याला जें बोलला तें लोनेंच लिहून ठेविलें आहे. राजाला लाज आणणाऱ्या दोन गोष्टी आहेत, एक वाडवडिलांचा मुलूख विनाकारण देऊन टाकणें आणि दुसरी इमानानें चाकरी केलेल्या फौजेला निरोप देणें, अशा आशयाचें तें बोलणें होतें. त्याच्यापुढें ठेवलेल्या दोन वाटा नेमक्या याच होत्या. २१ मे १८५३ रोजीं तह झाला. वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख आणि रायचूरचा दुआब हे प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं गेले. त्यांच्या उत्पन्नांतून ५,००० पायदळ, २,००० स्वार आणि चार तोफखाने पोसावयाचे, आणि उरेल तें निजामाला द्यावयाचें. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. दिवाण सिराजउल्मुल्क त्याच महिन्यांत वारला आणि त्याचा पुतण्या सालारजंग, वय वर्षें चोवीस, त्याच्या जागीं बसला.

येथून दोन्हीं कळंबांच्या वाटा फुटतात. १८६० च्या तहानें धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, ५० लक्षांचें कर्ज माफ झालें, आणि वऱ्हाड मात्र राहिला. त्याच तहांत निजामानें वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क सोडून दिला. पुढें वीस वर्षें सालारजंगाचें म्हणणें हेंच, कीं वऱ्हाडचा कारभार इतका महागडा ठेवला जातो कीं शिल्लक म्हणून हातीं कांहीं येत नाहीं. वऱ्हाड परत मागण्यासाठीं तो १८७६ सालीं विलायतेसहि जाऊन आला. वऱ्हाड मिळाला नाहीं.

वऱ्हाडांत जें झालें तें सर्व वाईट झालें असें म्हणतां यावयाचें नाहीं. १८६१ पासून मुंबई पद्धतीची रयतवारी मोजणी सुरू झाली. कळंबाच्या शेतकऱ्याचें नांव, त्याचा सर्व्हे नंबर आणि त्याचा सारा सरकारी दप्तरांत कायम झाला. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचली. लिलांवाची बोली कायमची थांबली. पण तिकडे सालारजंगानेंहि हातावर हात ठेवले नव्हते, आणि ही गोष्ट वऱ्हाडांतल्या लेखकांकडून नेहमीं सांगितली जात नाहीं. त्यानें गहाण पडलेले तालुके सावकारांकडून आणि अरब जमादारांकडून एकेक करून सोडविले, इजाऱ्याची पद्धति मोडली, १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी करून पगारी तालुकदार नेमले. मेटकाफला जें परक्या देखरेखनिसांकरवीं टिकवितां आलें नाहीं तें या दिवाणानें आपल्या माणसांकरवीं टिकविलें. त्याच्या यंत्रांतले पुष्कळसे भाग इंग्रजी नमुन्याचे होते. पण ते त्यानें निवडले होते, आणि नको तेव्हां काढून घेणारा रेसिडेंट त्यांचा मालक नव्हता. उणीव राहिली ती एकच. हें सर्व यंत्र वरून खालीं चालणारें होतें. तालुकदार दिवाणाला जाब देई, दिवाण निजामाला. निजाम कोणाला देत होता?

१९०२ च्या नोव्हेंबरांत लॉर्ड कर्झननें निजाम महबूब अलीखानाकडून वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला : सालिना २५ लक्ष रुपये आणि मालकी निजामाची. दुसऱ्या वर्षीं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला आणि कंटिंजंट हिंदी लष्करांत विलीन झाली. जिच्यासाठीं प्रांत गहाण पडला ती फौजच राहिली नाहीं, गहाणखत तेवढें राहिलें.

मग आले १९१९ चे सुधारणा-कायदे, आणि येथें कायदेपंडितांना मोठी अडचण पडली. वऱ्हाड ही ब्रिटिश हद्द नव्हे. तेथील रहिवासी कायद्यानें निजामाचे प्रजाजन. त्यांनीं निवडलेला माणूस ब्रिटिश हिंदुस्थानच्या कौन्सिलांत निवडून आलेला सभासद कसा म्हणावा? तोड अशी निघाली, कीं वऱ्हाडांत निवडणूक घ्यावी, जो निवडून येईल त्याची सरकारनें ‘नेमणूक’ करावी, आणि असा नेमलेला सभासद निवडून आलेलाच समजावा! एका परक्या सत्तेनें दुसऱ्या राजाच्या प्रजेला दिलेली ही लोकशाही. तिचा जन्म असा कायद्याच्या खटपटींतून झाला. देणाऱ्याच्या मनांत फार उदात्त हेतु होता असें नाहीं. मताधिकार मूठभरांना होता, खऱ्या सत्तेच्या किल्ल्या गव्हर्नराच्या कमरेला होत्या.

तरीहि वऱ्हाडच्या लोकांना ती वस्तु आपली वाटूं लागली. याचा पुरावा १९२३ सालीं मिळाला. निजाम मीर उस्मान अलीखानानें व्हाइसरॉयला पत्र लिहून वऱ्हाड परत मागितला, आणि परत मिळाल्यास वऱ्हाडला जबाबदार राज्यपद्धति देण्याचें, अंतर्गत कारभार लोकांच्या हातीं सोंपविण्याचें अभिवचन दिलें. कागदावर तें ब्रिटिशांनीं दिलेल्यापेक्षां अधिक होतें. वऱ्हाडांतील बहुतेक पुढाऱ्यांना तें रुचलें नाहीं. पैनगंगेच्या पलीकडे याच राजाची मराठी प्रजा होती. तिला त्यानें असें कांहींच दिलेलें नव्हतें. जो आपल्या घरच्यांना देत नाहीं तो सोडून गेलेल्यांना देईल यावर विश्वास बसावा कसा? १९२६ च्या मार्चांत लॉर्ड रीडिंगनें निजामाला नकार दिला, तो अर्थातच वऱ्हाडकरांच्या प्रेमामुळें नव्हे. साम्राज्याची सत्ता सर्वांच्या वरची आहे हें त्याला ऐकवावयाचें होतें.

ज्यानें ही मर्यादित लोकशाही दिली त्याच्याविरुद्धच वऱ्हाडनें तिचा उपयोग केला, हा या इतिहासांतला सर्वांत बोलका भाग होय. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनीं १९३० च्या जुलैंत पुसदला राखीव जंगलांतलें गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगाची वाट धरली. १९३७ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडांत डॉ. ना. भा. खरे यांचें काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें. सभा भरविणें, मत मागणें, हरणें आणि पुन्हां उभें राहणें, या गोष्टी जिल्हा-तालुक्याच्या गांवांतल्या लोकांच्या अंगवळणीं पडल्या. त्याच सुमारास, १९३८ सालीं, पलीकडच्या राज्यांत स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वींच तिच्यावर बंदी आली.

बाहेरच्या जगाकडे पाहिलें तर हाच धडा थोड्या फरकानें दिसतो. १९५३ सालीं सुदानांत पहिली निवडणूक झाली. ती घेण्यासाठीं आपल्याकडचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन गेले होते आणि त्यांनीं तें काम नांव राखण्यासारखें केलें. १९५६ च्या आरंभीं सुदान स्वतंत्र झाला आणि १९५८ च्या नोव्हेंबरांत सेनापतीनें सत्ता घेतली. पेट्या चांगल्या होत्या, मोजणी चोख होती. त्या पेटींतून निघालेल्या सरकारामागें उभें राहणारें लोकांचें संघटित बळ तेथें अजून तयार व्हावयाचें होतें. जपानांत १९४७ ची राज्यघटना परक्यांच्या देखरेखीखालीं झाली आणि टिकली. परंतु जपानांत १८९० पासून पार्लमेंट होतें हें विसरून तो दाखला देऊं नये. अफगाणिस्तानांत २००१ नंतर वीस वर्षें निवडणुकाहि झाल्या आणि फौजहि उभारली गेली. त्या फौजेचा पगार बाहेरून येत होता, आणि हजेरीपटावरचे कित्येक शिपाई केवळ कागदावर होते. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं काबूल पडलें. चंदुलालाच्या हैदराबादची हकीकत ज्यानें वाचली आहे त्याला हजेरीपटाच्या या गोष्टीचें नवल वाटणार नाहीं.

हैदराबादचा शेवट मात्र दारिद्र्यानें झाला नाहीं. उस्मान अलीखान जगांतल्या सर्वांत श्रीमंत माणसांत मोजला जाई. १९३६ च्या करारानें वऱ्हाडवरची त्याची नांवाची मालकी पुन्हां मान्य झाली होती, त्याच्या वडील मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली होती. त्याच्या राज्याला स्वतःचें नाणें, स्वतःची आगगाडी, स्वतःचें विश्वविद्यालय होतें. परंतु दीडशें वर्षें ज्या गादीला रयतेच्या संमतीची गरजच भासली नाहीं, तिच्यामागचा इंग्रज १९४७ च्या ऑगस्टांत निघून गेला आणि मग त्या पोकळींत रझाकार शिरले. १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौज सरहद्दीवरून आंत गेली आणि १७ तारखेस सर्व संपलें. मांजरेकांठच्या कळंबाच्या मुलखानें त्यापूर्वींचे महिने सरहद्दीवरच्या चकमकींत आणि घरेंदारें सोडून पळणाऱ्या कुटुंबांच्या हालांत काढले.

१९५१ च्या अखेरीस आणि १९५२ च्या आरंभीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हां दोन्हीं कळंबांत एकाच कायद्याखालीं, एकाच नमुन्याच्या पेट्या ठेवल्या गेल्या. चक्रावतीच्या कळंबांत मतदानकेंद्राची व्यवस्था कशी असते, मतदारांची यादी कशी वाचावयाची, उमेदवाराला काय विचारावयाचें, हें सांगणारीं वडील माणसें घरोघर होतीं. मांजरेच्या कळंबांत बहुतेकांना तें सर्व नवें होतें. तीं माणसें सकाळपासून रांगेंत उभीं राहिलीं आणि आपलें मत देऊन घरीं गेलीं.